घण किती वजनाचा घ्यावा?



गेल्या आठवड्यात एका भगिनीचे पत्र आले. मजकूर थोडक्यात असा : "आमचा थोरला मुलगा 19 वर्षांचा आहे. पोलीस भरतीच्या तयारीला लागला आहे. गोठ्यामागे ट्रॅक्टरचा जुना टायर पडला आहे, त्यावर घण मारायचा व्यायाम करीन म्हणतो. दहा किलोचा घण आणा म्हणून हट्ट धरून बसला आहे. ह्यांचे म्हणणे, घरात बारा महिने कामे पडली आहेत, वेगळा व्यायाम हवाच कशाला? मला काळजी वाटते ती त्याच्या कमरेची. घण आणावा का? आणि आणला तर किती वजनाचा?"

ताई, तुमच्या प्रश्नाचे उत्तर आधी देऊन टाकतो, कारण तुमच्या घरात रोज संध्याकाळी यावरून वाद होत असणार. घण आणा. चार किलोचा आणा. दहा किलोचा मुळीच आणू नका. आता हे मी कशावरून सांगतो ते सविस्तर लिहितो, म्हणजे तुमच्यासारख्या इतर घरांनाही उपयोग होईल.

माझाच एक गाढवपणा

1983 सालची गोष्ट. तेव्हा मी वीस वर्षांचा होतो. गावच्या तालमीत सकाळ-संध्याकाळ जात असे. जोर-बैठका चांगल्या निघत. आमचे वस्ताद एकदा बोलता बोलता म्हणाले, "मनगट आणि खांदा तयार करायचा तर लाकूड फोडा. आठचा घण आणि पाचर घेऊन बाभळीचे ओंडके फोडले की अंग आपोआप कमावले जाते."

मी दुसऱ्याच दिवशी तालुक्याच्या बाजाराला गेलो. लोखंडी सामानाच्या दुकानात उभा राहिलो आणि ऐटीत म्हणालो, "आठचा घण द्या." दुकानदाराने दिला. डोक्यावर घेऊन सहा मैल चालत आलो. मान अवघडली, पण छाती फुगलेली होती.

आता गंमत बघा. वस्ताद जुन्या काळातले. त्यांचे आठ म्हणजे आठ पौंड. दुकानदाराचे आठ म्हणजे आठ किलो. आठ पौंड म्हणजे साधारण 3.6 किलो, आठ किलो म्हणजे साडेसतरा पौंडांच्याही वर. मी सांगितल्यापेक्षा दुपटीहून जड घण घरी आणला होता, आणि विचारायची लाज वाटली म्हणून कुणाला विचारलेही नाही. उलट वाटले, वस्तादांचा शिष्य म्हणजे असाच घण पाहिजे.

पहिल्या दिवशी पंधरा घाव घातले. दुसऱ्या दिवशी वीस. तिसऱ्या दिवशी घण डोक्यावर नेला, तो नेमका जिथे जायचा तिथे न जाता डाव्या अंगाला कलला. मी त्याला सावरायला गेलो आणि कमरेत अशी कळ आली की तिथेच खाली बसलो. दोघांनी धरून ओसरीवर नेले.

दिवस मृगाचे होते. चार दिवस आधी पाऊस पडून गेला होता आणि रानात उत्तम वाफसा आला होता. वाफसा काही कुणाची कंबर बरी व्हायची वाट बघत नाही. आबांनी पाभर जुंपली, आईने चाड्यावर मूठ धरली. बियाणे पोचवायचे, ढेकळे फोडायची, बैल बदलायचे ही माझी कामे. ती करायला कुणी नव्हते. आई चाडे सोडून धावत बांधावर जायची, पोते ओढायची आणि पुन्हा पाभरीमागे यायची. मी ओसरीवर वाकळीत पडून हे बघत होतो. कूस बदलायची झाली तरी धाकट्या बहिणीला हाक मारावी लागे. शेवटी भावकीतल्या दोन घरांनी सावड दिली म्हणून पेरणी उरकली. त्याची फेड मी पुढे सुगीत केली. पण आईच्या तळहाताला पोत्याच्या दोरीचे वळ उठले होते, त्यांची फेड कशी करणार?

आबा मला एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरे झाले असते.

"खाली मालकाचा हात असतो"

पुढच्या वर्षी उन्हाळ्यात, पेरणीची हत्यारे नीट करून द्यायला घिसाडी मंडळी गावात आली. वेशीबाहेर पाल पडले. कुळवाची फास आणि दोन खुरपी घेऊन मी तिथे गेलो. वाचकहो, घिसाड्याचे काम तुम्ही लहानपणी बघितलेच असेल. नवरा भात्याजवळ बसतो. लालभडक लोखंड सांडशीत धरून ऐरणीवर ठेवतो. समोर त्याची बायको उभी असते आणि ती घण घालते. अंगाने काटक बाई. दंडात मांस असे दिसतही नाही. पण घाव असा मोजून पडतो की बघत राहावे. एक घाव चुकत नाही. सकाळपासून ऊन चढेपर्यंत तेच काम.

माझी कंबर तेव्हाही अधूनमधून धरत असे. मी धीर करून विचारले, "मावशी, तुमचा हा घण किती वजनाचा?"

ती हसली. म्हणाली, "वजान कोन करतंय बाबा? मला आवरंल येवडा हाय."

"म्हणजे कसे?"

तिने घण उचलला, खांद्यावरून आणला आणि ऐरणीच्या वर वीतभर अंतरावर थांबवला. तिथेच धरून म्हणाली, "खाली मालकाचा हात असतो. मदीच त्यानं सांडशी फिरवली तर मला हात आखडता घ्यावा लागतो. उचलायला काय, कुनीबी उचलंल. आवरता आला पायजे."

मी तो घण हातात घेऊन पाहिला. माझ्या आठ किलोच्या घणाच्या निम्मासुद्धा नव्हता. ती बाई त्या घणाने फाळ घडवत होती, आणि मी माझ्या घणाने स्वतःची कंबर मोडून घेतली होती.

त्या दिवसापासून मी हा एकच नियम धरला आहे आणि आज तुम्हाला तोच सांगतो. उचलता येतो तो घण आपला नव्हे. आवरता येतो तो आपला.

लांब दांड्याचा हिशोब

पुष्कळांना वाटते, चार किलो म्हणजे काय? आमची घरातली बाई वीस लिटरची घागर कमरेवर घेऊन विहिरीवरून येते. मग जवान पोराला दहा किलो कसे जड होतील?

यासाठी पहार आठवा. रानातला दगड उलथताना आपण पहारेचे टोक दगडाखाली घालतो, जवळच टेकू देतो आणि लांबच्या टोकाला हात लावतो. टेकूपासून हात जितका लांब, तितका दगड हलका. घण धरताना नेमके उलटे होते. लांबच्या टोकाला लोखंड आणि जवळच्या आखूड टोकाला आपण. पहारेने दगडाचे जे होते, ते इथे आपल्या कमरेचे होते.

ढोबळ हिशोब करून बघा. कमरेवर घेतलेली 20 किलोची घागर पाठीच्या कण्यापासून साधारण 20 सेंटीमीटरवर असते. 20 गुणिले 20 म्हणजे 400. आता 4 किलोचा घण दांड्याच्या शेवटी धरून हात पुढे लांब करा. लोखंड कण्यापासून सुमारे दीड मीटरवर, म्हणजे 150 सेंटीमीटरवर जाईल. 4 गुणिले 150 म्हणजे 600. म्हणजे चार किलोचा घण कण्याला भरल्या घागरीच्या दीडपट पडला. तोच घण दहा किलोचा असेल तर 1500. जवळजवळ चार भरल्या घागरी! आणि घागर गुपचूप कमरेवर बसलेली असते. घण वेगाने फिरत असतो.

आणखी एक गोष्ट. घाव जोरात बसायला वजन लागते हे खरे, पण वेग त्याहून जास्त लागतो. घणाचे वजन दुप्पट केले तर घावातला जोर दुप्पट होतो. वेग दुप्पट केला तर जोर चौपट होतो. जड घण उचलून कसाबसा पाडणाऱ्यापेक्षा बेताचा घण सपकन मारणारा जास्त काम करतो आणि त्याच्या अंगालाही जास्त व्यायाम होतो. दगड फोडणारी वडार मंडळी हे जाणतात. त्यांचा घाव दगडाच्या शिरेवर नेमका पडतो. हातातल्या वजनाची त्यांना फुशारकी नसते.

भरतीच्या मुलांसाठी इथेच सांगतो. गोळाफेकीत पुरुषांचा गोळा 7.26 किलोचा, म्हणजे 16 पौंडांचा असतो. महिलांचा गोळा 4 किलोचा. म्हणून कुणी म्हणेल, घणही तेवढाच हवा. तसे नाही. गोळा मानेला चिकटून असतो. घणाचे लोखंड हातापासून हातभर लांब असते. दोन्ही वजनांची तुलना करू नये.

कोणी किती घ्यावा

खाली जी वजने देतो ती नुसत्या लोखंडाची आहेत. दांड्याचे वजन वेगळे.

घरातल्या स्त्रिया आणि 16-17 वर्षांची मुले-मुली : 2 ते 3 किलो.

निरोगी तरुण, पण घणाची सवय नाही : 4 किलो. दुकानात पौंडाचा माल असेल तर 8 पौंडी घ्यावा.

तालमीत मुरलेला किंवा वर्षभर अंगमेहनत करणारा गडी : सुरुवात 4 किलोनेच. तीन-चार महिन्यांनी 5 किलो, म्हणजे सुमारे 11 पौंड.

पन्नाशी ओलांडलेली, पण हिंडती-फिरती माणसे : 2 ते 3 किलो, तेही डॉक्टरांना विचारून.

6 किलोच्या वर जायची गरज घरच्या व्यायामात सहसा पडत नाही. जे जातात त्यांनी वर्षानुवर्षे हात बसवलेला असतो.

16 वर्षांच्या आतल्या मुलांना घण देऊ नये. त्यांना सूर्यनमस्कार, जोर, बैठका, लेझीम, पळणे, पोहणे एवढे भरपूर आहे.

आपल्या तालमीतली मुद्गलांची रीत आठवा. नव्या पोराला वस्ताद सर्वांत हलकी जोडी देतात. हात बसला की मग पुढची. हे मुद्गल इतके उपयोगी ठरले की एकोणिसाव्या शतकात इंग्रजी फौजेतल्या लोकांनी ते विलायतेला नेले. 1904 च्या सेंट लुई आणि 1932 च्या लॉस एंजेलिसच्या ऑलिंपिकमध्ये मुद्गल फिरवण्याची स्पर्धासुद्धा झाली. तिथे बक्षीस मिळे ते फिरवण्याच्या सफाईला.

दुकानात गेल्यावर

मी केली ती चूक तुम्ही करू नका. मेट्रिक वजनांचा कायदा 1956 साली झाला आणि 1958 पासून किलो बाजारात आले. तरी घणाच्या बाबतीत पौंड काही अजून सुटलेला नाही. "आठचा", "दहाचा" असे कुणी म्हणाले तर लगेच विचारा, "पौंड का किलो?" मनात एवढे धरून ठेवा : 6 पौंड म्हणजे 2.7 किलो, 8 पौंड म्हणजे 3.6 किलो, 10 पौंड म्हणजे साडेचार किलो आणि 12 पौंड म्हणजे सुमारे साडेपाच किलो. शंका असली तर काट्यावर ठेवायला सांगा. त्यात लाज कसली?

दांडा बघून घ्या. घण जमिनीवर उभा केला असता दांड्याचे टोक आपल्या कमरेच्या हाडापर्यंत यावे. साधारण उंचीच्या माणसाला तीन फूट पुरतात. बुटक्या माणसाला अडीच. लाकडाच्या रेषा सरळ उभ्या जायला हव्यात. गाठ असलेला दांडा घेऊ नका. तो गाठीवरच तुटतो. बाभळीचा वाळलेला दांडा घरी करता आला तर उत्तम. काचेच्या तुकड्याने तासून गुळगुळीत करा आणि जवसाचे तेल चोळा. ऑइलपेंट लावू नका. घामाने हात सटकतो.

दांडा सैल झाला की आपल्याकडे घण रात्रभर पाण्यात बुडवून ठेवतात. लाकूड फुगते आणि सकाळी घट्ट वाटते. पण वाळले की पहिल्यापेक्षा जास्त सैल होते. त्यापेक्षा नवी पाचर ठोका. चार किलोचे लोखंड दांड्यातून निसटून उडाले तर ते कुठे जाईल हे कुणी सांगू शकत नाही. म्हणून रोज हातात घेताना आधी दांडा हलवून बघायचा. बैल जुंपताना आपण सापती बघतो, तसे.

तीन परीक्षा

घण घरी आला. आता तो आपल्याला पेलणारा आहे का, हे ठरवायला तीन परीक्षा सांगतो. दुकानदार ओळखीचा असेल तर आधी शेजाऱ्याचा घण मागून आणा, परीक्षा घ्या आणि मग विकत घ्या.

पहिली परीक्षा घिसाडी मावशीची. दोन्ही हातांनी घण खांद्याच्या वर न्या. मग अगदी सावकाश खाली आणा आणि टायरच्या वर वीतभर अंतरावर थांबवा. मनात पाच आकडे मोजा. असे पाच वेळा करा. हात थरथरले, पाठ वाकली, घण टायरवर आपटला, तर वजन जास्त आहे.

दुसरी परीक्षा चुन्याची. टायरवर तळहाताएवढा चुन्याचा ठिपका द्या. उजवीकडून दहा आणि डावीकडून दहा घाव घाला. वीसपैकी अठरा घाव ठिपक्यावर पडले पाहिजेत. शेवटचे पाच घाव भरकटू लागले तर घण आपल्याला नाचवतो आहे असे समजा.

तिसरी परीक्षा दुसऱ्या दिवशी पहाटे. म्हशीची धार काढायला बसा. बोटे नेहमीसारखी वळतात का? बादली उचलून उठताना कंबर धरते का? अंग थोडे आंबले असेल तर हरकत नाही. पण मूठ मिटत नसेल किंवा वाकता येत नसेल, तर हलका घण घ्या. ज्या व्यायामाने दुसऱ्या दिवशीचे काम बुडते, तो व्यायाम आपल्या घरचा नव्हे.

तिन्ही परीक्षांत उतरला तो घण तुमचा. एकीत जरी नापास झाला तरी एक किलोने खाली या. घण आधीच घेऊन झाला असेल तर दांडा वरून, लोखंडाच्या जवळ धरा. हात लोखंडाच्या जितके जवळ, तितका घण हलका.

मारायचा कसा

टायर ट्रॅक्टरचा मागचा मोठा असावा. लहान टायर घावासरशी उड्या मारतो. आडवा टाकून त्याच्या पोटात माती भरा. याने दोन कामे होतात : टायर हलत नाही, आणि आत पाणी साचत नाही. टायरातल्या साचलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास होतात, हे पावसाळ्यात विशेष लक्षात ठेवा. टायर नसेल तर वाळूने भरलेली जाड गोणी चालते. दगडावर, फरशीवर, लोखंडावर घण मारू नका. कपची उडून डोळा जातो.

पोरेबाळे, कुत्री, शेळ्या दहा पावले लांब. पायात चांगले बूट असावेत, चपला नकोत.

पाय खांद्याएवढे फाकून, गुडघे किंचित सैल ठेवून उभे राहा. एक हात दांड्याच्या टोकाला, दुसरा लोखंडाजवळ. घण खांद्यावर नेताना लोखंडाजवळच्या हाताने उचला. खाली येताना तो हात दांड्यावरून घसरत दुसऱ्या हाताजवळ येऊ द्या. पाठ सरळ ठेवून खुब्यातून वाका. नजर ठिपक्यावर. घाव पडताना श्वास तोंडाने सोडा. टायर घण परत उडवतो, म्हणून मूठ घट्ट पाहिजे, पण मनगट ताठ आवळू नका आणि चेहरा टायरवर झुकवू नका.

दहा घाव उजवीकडून घातले तर दहा डावीकडून घालायचेच. आपण सगळे उजव्या अंगाने काम करणारे. डावीकडचे घाव सुरुवातीला वाकडे पडतील. पडू द्या, पण सोडू नका.

पहिला आठवडा : दिवसाआड, दोन्ही बाजूंनी दहा-दहा घाव, अशा दोन फेऱ्या. मध्ये दोन मिनिटे विसावा. दर आठवड्याला एक फेरी वाढवा, पाच फेऱ्यांपर्यंत. पाच फेऱ्या तीन आठवडे न चुकता ठिपक्यावर पडल्या, की मगच एक किलो वाढवायचा विचार करा. सुरू करण्यापूर्वी पाच मिनिटे हात-पाय मोकळे करा आणि दहा-बारा बैठका काढा. जेवणानंतर निदान दोन तास घण हातात घेऊ नका.

कोणी हात लावू नये

अंतर्गळ असलेल्यांनी, पाठीची गादी सरकलेल्यांनी, रक्तदाब किंवा हृदयाचा विकार असलेल्यांनी, नुकतीच मोतीबिंदूची किंवा पोटाची शस्त्रक्रिया झालेल्यांनी घणाचा व्यायाम डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. दिवस गेलेल्या आणि बाळंत होऊन काही महिनेच झालेल्या भगिनींनीही करू नये. घण मारताना छातीत दुखले किंवा चक्कर आली, अथवा कमरेतून पायात चमक गेली, बोटांना मुंग्या आल्या, तर तिथेच थांबा आणि दवाखाना गाठा. "घाम काढला की उतरेल" असे म्हणू नका. मी तेच म्हणालो होतो.

घरधन्यांच्या प्रश्नाचे उत्तर

आता ताईंच्या घरधन्यांचे म्हणणे. कामे पडलेली असताना वेगळा व्यायाम कशाला?

दादा, तुमचे म्हणणे निम्मे बरोबर आहे. ज्या दिवशी ऊसतोड, मळणी, खताच्या पाट्या, विहिरीचे काम असेल, त्या दिवशी पोराने घणाला हात लावू नये. कष्ट झालेले अंग विसावा मागते. पण कष्ट आणि व्यायाम यांत फरक आहे. खुरपताना, भांगलताना, ऊस तोडताना माणूस तासन्‌तास एकाच बाजूला, एकाच तऱ्हेने वाकलेला असतो. व्यायामात दोन्ही बाजू सारख्या चालतात आणि कुठे थांबायचे ते आपल्या हातात असते. शिवाय नांगरट-पेरणीची पुष्कळ कामे आता ट्रॅक्टरने होतात. मागच्या पिढीचे खांदे मोटेने आणि पाभरीने घडले; आजच्या पोराचे खांदे घडायला दुसरे काही तरी हवे.

आणि घण ही काही नुसती चैनीची वस्तू नाही. कुंपणाचे खांब ठोकायला, ओंडके फोडायला, पाचरी मारायला तो घरात लागतोच. चार किलोचा घण या सगळ्या कामांना पुरतो. दहा किलोचा आणलात तर चार दिवसांनी तो गोठ्याच्या कोपऱ्यात गंजत पडेल. माझा आठ किलोचा अजून पडला आहे. त्याचा उपयोग एकच : नातवंडे त्यावर बसून भाकरी खातात.

ताई, चिरंजीवांना माझा निरोप सांगा. म्हणावे, चार किलोचा घण आणि चुन्याचा ठिपका घे. महिन्याभराने वीसपैकी वीस घाव ठिपक्यावर पडले की मला एक कार्ड टाक. मग पाच किलोचे बघू. आणि पहिल्या दिवशी तुम्ही स्वतः, हातातले काम बाजूला ठेवून, दहा पावले लांब उभ्या राहा. त्याला म्हणा, "घण खाली आण आणि टायरच्या वर थांबवून दाखव." थांबवला तर निश्चिंतपणे आत जा आणि भाकरी थापायला घ्या. नाही थांबवला तर तो घण त्याच पावली दुकानात परत पाठवा.

पेरणीचे दिवस जवळ आले आहेत. सर्वांच्या कमरा शाबूत राहोत.

राम राम.